पिसदुऱ्याचे कासव

महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या उंबरठ्यापाशी एक दगडी कासव असते. आपण त्याला वळसा घालून आत जातो. कोणी त्याच्या पाठीवर हात टेकवून तो कपाळाला लावतो. पण वाचकहो, ही पाठ आपण कधी नीट न्याहाळली आहे काय? पुढच्या वेळी जाल तेव्हा जरूर पाहा. पाथरवट जाणकार असेल, तर त्याने मधोमध पाच मोठ्या चौकटींची एक रांग काढलेली असते, तिच्या दोन्ही अंगांना चार-चार चौकटी आणि सभोवती लहान लहान चौकटींची किनार. आपण म्हणतो, कासवाची पाठ हुबेहूब उतरली. उतरली खरी, पण पाथरवटाने जे कोरले ती कासवाची हाडे नव्हेत. ते वरचे खवले आहेत, आपल्या नखांच्या जातीचे. हाडे त्यांच्या खाली असतात, आणि हाडांचे सांधे या रेघांवरून जात नाहीत.

आज या हाडांविषयीच बोलायचे आहे. देवळातल्या कासवापासून सुरुवात केली याचे कारण असे की, ज्याला ही वरची रेघ आणि खालचा सांधा यांतला फरक कळला, त्याला कासवाच्या हाडाची निम्मी विद्या आली. आणि ही विद्या आपल्या विदर्भात अगदीच निरुपयोगी नाही. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याने निघालात तर वरोरा तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव अशी दोन गावे आहेत. तिथल्या जमिनीत कासवाची हाडे सापडतात. ती गेल्या वर्षीची नव्हेत, शंभर वर्षांपूर्वीचीही नव्हेत, तर सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीची.

आधी कासवाची घडण पाहू. कासव आपले घर पाठीवर घेऊन हिंडते, असे आपण मुलांना सांगतो. गोष्टीपुरते ते ठीक आहे. पण शंखातली गोगलगाय आणि कवचातले कासव यांत मोठे अंतर आहे. कासवाची ढाल हा त्याच्या सांगाड्याचाच भाग. पाठीचा कणा आणि बरगड्या रुंद होऊन, एकमेकींना भिडून तिची पाठ झालेली असते. म्हणून कासव आपल्या ढालीतून कधीच बाहेर येऊ शकत नाही, जसे आपण आपल्या छातीच्या पिंजऱ्यातून बाहेर येऊ शकत नाही. आता जरा आपला हात मागे नेऊन खांद्याचे पाते चाचपून पाहा. ते बरगड्यांच्या बाहेरच्या अंगाला लागते ना? कासवात ते बरगड्यांच्या आत असते. पृष्ठवंशीय प्राण्यांत असा उलटा संसार दुसऱ्या कोणी मांडलेला नाही.

पाठीच्या ढालीत बहुधा बरगड्यांच्या आठ जोड पट्ट्या, मधोमध कण्यावरच्या लहान पट्ट्यांची एक रांग आणि कडेने काठाच्या अकरा जोड पट्ट्या असतात. मानेपाशी एक मोठे हाड आणि शेपटीपाशी एक-दोन लहान हाडे धरली की एकूण पन्नासाच्या आसपास संख्या भरते. पोटाच्या ढालीत नऊ हाडे, काही घराण्यांत अकरा. म्हणजे एक कासव मेले, कुजले आणि विखुरले की ढालीचेच साठएक तुकडे होतात, आणि तेही अखंड राहिले तर. याची आठवण ठेवावी लागते. एखाद्या शेतात कासवाचे साठ तुकडे सापडले म्हणून तिथे साठ कासवे होती असे म्हणता येत नाही. कदाचित एकच असेल! अभ्यासक मग असे हाड शोधतात, जे प्रत्येक कासवाला एकच असते. मानेपाशचे ते मोठे हाड तसे आहे, किंवा पोटाच्या ढालीतले पुढचे मधले हाड. अशी चार हाडे मिळाली तर निदान चार कासवे होती, एवढे छातीठोकपणे सांगता येते. त्याहून जास्त नाही.

आता रेघ आणि सांधा. गवंडी विटा रचताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही. वरची वीट खालच्या दोन विटांच्या जोडावर बसवतो, म्हणजे भिंत मजबूत होते. कासवाच्या ढालीतही तसेच आहे. हाडांच्या जोडावर खवल्याचा मध्य येतो, आणि खवल्यांची कड हाडाच्या मधोमध येते. खवले नखासारखे असल्याने ते बहुधा कुजून जातात, पण त्यांच्या कडा जिथे टेकलेल्या होत्या तिथे हाडावर एक उथळ, गुळगुळीत पन्हळ उरते. हाडाची स्वतःची कड मात्र करवतीसारखी दातेरी असते. तेव्हा हातात आलेल्या तुकड्याच्या काठाला दाते आहेत आणि वरच्या पृष्ठावरून एक उथळ पन्हळ आडवी गेली आहे असे दिसले, तर तो तुकडा कासवाचा. डायनोसॉरच्या हाडावर अशी पन्हळ नसते, आणि खापराच्या तुकड्यावर असे दाते नसतात.

पन्हळ नसेल तर? तर तुटलेली बाजू पाहावी. कासवाच्या ढालीचे हाड पुरणपोळीसारखे असते; वर एक घट्ट थर, खाली एक घट्ट थर आणि मध्ये जाळीदार भरण. आणखी एक जात अशी आहे की, तिच्या पाठीवर खवलेच नसतात, नुसते कातडे असते. आपल्या विहिरी-तलावांत आढळणारे मऊ पाठीचे कासव त्यातलेच. त्याच्या हाडावर पन्हळ कुठून येणार? पण त्याच्या ढालीच्या हाडांचे वरचे पृष्ठ दाणेदार, खळग्यांचे असते. एकदा पाहिले की ते पुन्हा विसरत नाही.

जगातल्या आजच्या सगळ्या कासवांची दोन मोठी घराणी आहेत, आणि त्यांतला भेद मानेत आहे. एक घराणे धोका दिसताच मान उभी मुडपून सरळ आत ओढून घेते. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेत ज्या कासवाची उपमा दिली आहे, ते या घराण्यातले. कारण भारतात आज जी कासवे आहेत ती सगळी याच घराण्यातली आहेत. दुसरे घराणे मान आत ओढत नाही, ती बाजूला मुडपून ढालीच्या कडेखाली दडवते. ही दुसरी कासवे आज दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला आहेत. भारतात एकही नाही.

हा भेद मानेचा असला, तरी सात कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाची मान कशी मुडपत होती हे कसे ओळखायचे? मानेचे मणके फारच थोड्या वेळा मिळतात. इथे कासवाचे कंबरेचे हाड मदतीला येते. मान आत ओढणाऱ्या कासवांत ते ढालीला जोडलेले नसते. मान बाजूला मुडपणाऱ्यांत ते वर पाठीच्या आणि खाली पोटाच्या ढालीला पक्के जुळून गेलेले असते. त्यामुळे कंबरेचे हाड नाहीसे झाले तरी ते जिथे जुळले होते त्या जागी, ढालीच्या आतल्या अंगावर, एक उंचवटा किंवा तुटल्याचा व्रण राहतो. तळहाताएवढ्या तुकड्याच्या आतल्या बाजूवर असा व्रण असला की, त्यावरून त्या प्राण्याचे घराणे कळते. बाहेरची बाजू देखणी असते म्हणून पुष्कळ जण तीच पाहतात. मला विचाराल तर कासवाचे हाड आधी उलटे करून पाहावे.

पिसदुऱ्याच्या कासवांच्या हाडांत हा व्रण आहे.

आता त्या गावांकडे वळण्यापूर्वी नागपूरचा थोडा ऋणनिर्देश केला पाहिजे. ज्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली नागपुरात निघाले, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ साली मिशनरी म्हणून इथे आले. धर्मप्रसार हे त्यांचे काम. पण त्यांना दगडांचा विलक्षण नाद होता. नागपूरच्या पश्चिमेस टाकळीच्या बाजूला काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष आहेत, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी पाहिले. दोघांनी मिळून नागपूर परिसराच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूविज्ञान मंडळाच्या नियतकालिकात छापला गेला. आज ज्याला आपण गिट्टीखदान म्हणतो तिथल्या अशाच थरातून माशांचे आणि बेडकांच्या जातीच्या प्राण्यांचे बारीक अवशेष मिळाले, त्यांवर १९८४ साली फ्रेंच भाषेत निबंध निघाला. शहरातल्या एका खदानीचे नाव पॅरिसच्या नियतकालिकात असे जाऊन बसले आहे.

हिस्लॉप यांच्याकडे पिसदुऱ्याचीही हाडे पोचली होती. इंग्रजी लिखाणात त्या गावाचे नाव ‘पिजदुरा’ असे झाले, इतके की ते नकाशावर शोधताना माणूस चकावा. मध्य हिंदुस्थानातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाडांवरचे त्यांचे टिपण १८६४ साली प्रसिद्ध झाले, पण ते पाहायला ते राहिले नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची पुरातन दगडी वर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लोक पिसदुऱ्याला येत राहिले. रिचर्ड लायडेकर यांनी १८९० साली या भागातल्या प्राण्यांच्या अवशेषांवर टिपण लिहिले. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली पिसदुऱ्याच्या एका निराळ्याच वस्तूवर लिहिले. ती वस्तू म्हणजे दगड झालेली विष्ठा. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

या जमिनीचे वैशिष्ट्य असे की, इथे फारसे खोदावे लागत नाही. लामेटा नावाचे जे मऊ मातकट थर आहेत, ते दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या खालचे, म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा या मुलखावर पसरण्यापूर्वीचे. तेव्हा इथे उथळ तळी आणि ओहळ होते. पावसाने हे थर धुपतात, आणि आतली हाडे कठीण असल्याने वर उरतात. वखरणीत ती उलथतात. कोणी ती वेचून धुऱ्यावर टाकतो, जसे शेतातले इतर गोटे टाकतो. पृष्ठभागावर पडलेले वेचणे, हाच पिसदुऱ्याच्या संग्रहाचा बराचसा इतिहास आहे. त्यात सोय आहे तसाच धोकाही आहे. हाड धुऱ्यावर गेले की, ते नेमके कोणत्या थरातून आले हे सांगणे कठीण होते. आणि ते खिशात गेले की, कोणत्या गावचे हेही सांगणे कठीण होते.

पहिली हाडे लंडनला पोचल्यावरही शंभरावर वर्षे पिसदुऱ्याच्या कासवाला नाव नव्हते. याचे कारण त्याची डोकी मिळत नव्हती. ढालीचे तुकडे पुष्कळ, पण ढालीवरून घराणे कळते, जात क्वचितच कळते. जात ठरवायला कवटी लागते. टाळू कसा, जबड्याचे पृष्ठ कसे, कानाची पोकळी कशी, हे सारे तिथे. आणि कासवाची कवटी पातळ हाडांची असते, ढाल टिकते तशी ती टिकत नाही. अखेर भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहनलाल जैन यांनी १९७७ साली पिसदुऱ्याच्या कासवाची एक कवटी वर्णन करून प्रसिद्ध केली. सांख्यिकी संस्थेचा आणि कासवाचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यास स्थापिलेल्या त्या संस्थेत भूविज्ञानाचा एक विभाग आहे आणि मध्य भारतातले प्राचीन प्राणी शोधण्यात त्याने मोठे काम केले आहे. डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ या काळात त्याच विभागाने एका प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा काढला. त्याला पुढे इसिसॉरस हे नाव मिळाले. त्यातला ‘इसि’ हा त्या संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आला आहे.

तर जैन यांनी कवटीचा टाळू पाहिला, आणि तिला ब्रह्मदेशात सापडलेल्या श्वेबोएमिस या कासवाच्या वंशात घातले. ब्रह्मदेशातल्या श्वेबो या गावावरून तो वंश ओळखला जातो. म्हणजे आपल्या कासवाचे पहिले नाव झाले ‘श्वेबोएमिस पिसदुरेन्सिस’. वंश ब्रह्मदेशचा, गाव वरोऱ्याचे. पुढे त्यांनाच ते जुळेना, आणि त्यांनी त्याला मुंबईच्या एका कासवाच्या वंशात नेले.

मुंबईचे हे कासवही सांगण्यासारखे आहे. वरळीच्या थरात डॉ. लीथ यांना गोड्या पाण्यातले एक कासव अश्मीभूत झालेले मिळाले, आणि हेन्री कार्टर यांनी १८५२ साली त्याला लीथ यांचेच नाव दिले. (आपल्या दक्षिणेकडच्या नद्यांतल्या एका जिवंत मऊ पाठीच्या कासवालाही १८७२ साली याच लीथ यांचे नाव मिळाले, एका माणसाच्या नावाची दोन कासवे, एक नदीत आणि एक दगडात!) वरळीच्या कासवाला एकोणिसाव्या शतकातच कोणी दक्षिण अमेरिकेच्या कासवांत घालून ठेवले. मुंबईचे कासव आणि त्याचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेत, हे त्या काळी चमत्कारिकच वाटायला हवे होते. खंडे सरकतात ही कल्पना वेगेनर यांनी १९१२ साली मांडली, आणि ती सर्वमान्य व्हायला आणखी अर्धे शतक लागले. १९५३ साली अमेरिकेतल्या अर्नेस्ट विल्यम्स यांनी वरळीचे कासव पुन्हा तपासले. दक्षिण अमेरिकेच्या त्या कुळातून काढून त्यांनी ते आफ्रिका आणि मादागास्करमध्ये ज्यांचे वंशज आहेत त्या कुळात ठेवले, आणि कार्टर यांच्या नावावरून वंशाला कार्टेरेमिस हे नाव दिले.

पिसदुऱ्याचे कासव या कार्टेरेमिसच्या घरात काही वर्षे राहिले. दरम्यान आणखी भाऊबंद भेटत गेले. २००१ साली तामिळनाडूतल्या कल्लमेडू इथल्या कासवाला कुर्मदेमिस असे नाव मिळाले. आपला ‘कूर्म’ त्यात आहे. २००३ साली मुंबईच्याच थरातल्या दुसऱ्या एका कासवाचे नाव सांकुचेमिस असे ठेवले गेले, आणि त्याच्या जातीच्या नावात मुंबईचे भूवैज्ञानिक सेठना यांचा गौरव झाला. २००९ साली मादागास्करमध्ये किंकोनी सरोवराच्या परिसरातल्या थरांतून किंकोनिकेलिस हे कासव वर्णिले गेले. या सगळ्यांच्या कवट्या शेजारी शेजारी मांडल्यावर नाते दिसू लागले. शेवटी २०२० साली सांख्यिकी संस्थेच्या शाश्वती बंद्योपाध्याय आणि स्वित्झर्लंडचे वॉल्टर जॉयस यांनी आपल्या वरोऱ्याकडच्या कासवाची पुन्हा तपासणी केली आणि त्याला स्वतःचा वंश दिला. आता त्याचे नाव ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’. पहिल्या शब्दात सोहनलाल जैन आहेत, दुसऱ्यात पिसदुरा.

कोणी म्हणेल, हा नावांचा खेळ झाला. कासव तेच, कपाट बदलले. पण कपाट बदलले म्हणजे नाते बदलले, आणि नाते बदलले म्हणजे भूगोल बदलतो. कासव ब्रह्मदेशाचे धरले तर त्याचे सोयरे पूर्वेकडे शोधावे लागतात. जैनेमिस धरले तर कुर्मदेमिस, सांकुचेमिस आणि मादागास्करचे किंकोनिकेलिस ही त्याची जवळची भावंडे ठरतात, आणि वाट नैर्ऋत्येकडे जाते. भारत आणि मादागास्कर हे एकमेकांपासून सुमारे पावणेनऊ ते नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटे झाले. ही कासवे सात कोटी वर्षांच्या आसपासची. म्हणजे ताटातूट होऊन दीड-दोन कोटी वर्षे लोटली होती, तरी वरोऱ्याच्या तळ्यातले कासव मादागास्करच्या कासवाच्या भाऊबंदकीत होते. सरळ अर्थ असा की, दोघांचे पूर्वज जमीन एक होती तेव्हाचे. त्या वेळी आपला भारत आशियाला लागलेला नव्हता, हिमालय नव्हता. समुद्रातून उत्तरेकडे सरकणारे हे एक मोठे बेट होते, आणि विदर्भ त्या बेटावर होता.

यावर एक रास्त शंका निघते. कासव पोहते, मग ते समुद्र ओलांडून का जाणार नाही? शंका चांगली आहे, कारण या मोठ्या कुळातली काही कासवे खरोखरच समुद्रकाठाला राहत असत. म्हणून एकट्या कासवाच्या साक्षीवर निकाल देत नाहीत. पिसदुऱ्याच्या थरातच एक मोठा साप मिळाला आहे. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह २०११ साली त्याला माड्त्सोइया पिसदुरेन्सिस हे नाव दिले, आणि त्या वंशाचे साप मादागास्करलाही आहेत. गुजरातचा राजासॉरस आणि मादागास्करचा माजुंगासॉरस हे मांसाहारी डायनोसॉरही एकाच कुळातले. साक्षीदार वेगवेगळे आणि जबानी एक, असे झाले की मग विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता त्या दगड झालेल्या विष्ठेकडे येऊ. पिसदुऱ्याला असे गोळे विपुल मिळतात आणि मॅटली यांच्यापासून सर्वांनी ते गोळा केले. ओंगळ वस्तू म्हणून कोणी टाकून दिली असती तर नवल नव्हते. २००५ साली भारतीय आणि परदेशी अभ्यासकांनी या गोळ्यांत सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या पेशींतले वाळूसारखे बारीक कण शोधून काढले. तोवर अशी समजूत होती की, डायनोसॉर होते तेव्हा गवताच्या जाती फुटलेल्या नव्हत्या. ती समजूत वरोरा तालुक्यातल्या शेणाच्या गोळ्यांनी मोडली. हे का घडू शकले? गोळे कुठले, कोणत्या थरातले, हे लिहून ठेवलेले होते म्हणून. नुसता गोळा हातात असता, तर गवत सापडूनही ते कोणत्या काळचे हे कोणाला सांगता आले नसते.

कासवाच्या हाडाचेही असेच आहे. १९७७ ते २०२० या त्रेचाळीस वर्षांत कवटीचे नाव दोनदा बदलले. पण कवटी जपलेली होती आणि तिचे ठिकाण नोंदलेले होते, म्हणून प्रत्येक वेळी ती पुन्हा कपाटातून काढून पाहता आली. ढालीचे तुकडे आणि कवटी यांचा मेळ घालायचा तोही ठिकाणावरूनच; दोन्ही एकाच जागच्या थरातले असले तरच ती एकाच जातीची असण्याचा संभव. हाडावर नाव कोरलेले नसते. शोभेच्या कपाटात ठेवलेला, गाव न लिहिलेला तुकडा कितीही सुंदर असो, अभ्यासाच्या दृष्टीने तो मुका आहे.

आपल्यापैकी कोणी उत्साहाने जिवंत किंवा नुकत्याच मेलेल्या कासवांची हाडे जमवू लागेल, म्हणून एक सूचना करून ठेवतो. तुलनेसाठी आजच्या कासवांचे सांगाडे लागतात हे खरे. शिक्षणसंस्थांत आणि संग्रहालयांत ते असतात. तिथे जाऊन ते पाहावेत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपली कासवे संरक्षित आहेत. ती पाळणे, विकणे, विहिरीत आणून सोडणे हे तर गुन्हेच. पण तळ्याकाठी मरून पडलेल्या कासवाची ढाल परवानगीवाचून घरी आणून ठेवणेही कायद्यात बसत नाही. हे सक्तीचे वाटेल, पण बाजारात ढाल विकत घेणारा कोणी असला की तळ्यातले कासव मारणाराही निपजतो.

अश्मीभूत हाडांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी आणि अशा जागांसाठी कायदा व्हावा म्हणून केंद्राच्या खाण मंत्रालयाने २०२२ साली भूवारशाचा एक मसुदा काढला होता. पण पिसदुऱ्याच्या शेतात पावसाळ्यानंतर जे उघडे पडते ते मसुद्याची वाट पाहत बसत नाही. एका हंगामात उघडे पडलेले हाड दोन-तीन हंगामांत ऊन-पावसाने तडकून भुगा होते. म्हणून तिथले शेतकरी, शाळामास्तर आणि मुले यांच्या हाती पुष्कळ आहे, परीक्षानळ्या बाळगणाऱ्या पंडितांपेक्षा कदाचित जास्तच.

तेव्हा दातेरी काठाचा, पाठीवर उथळ पन्हळ असलेला तुकडा दिसला तर काय करावे? तो उचलण्यापूर्वी आहे तिथेच त्याचे छायाचित्र घ्यावे. आकार कळण्यासाठी शेजारी रुपयाचे नाणे किंवा आगपेटी ठेवावी. शेताचा गट क्रमांक, गावापासूनची दिशा, आणि जमीन तांबडी की हिरवट की काळी, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. दुसऱ्या दिवशीच्या आठवणीवर भरवसा ठेवू नये. हाड तडकलेले असेल तर ते ओढून काढू नये आणि पाण्याने धुऊ तर मुळीच नये, मातीमुळेच ते एकत्र धरलेले असते. शेजारी आणखी तुकडे असतील तर ते गोळा करून एका ढिगात घालू नयेत. शेताच्या मालकाला विचारल्याखेरीज काही हलवू नये हे तर उघडच आहे. आणि मग नागपुरात सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे मध्य विभागाचे कार्यालय आहे, तिथे किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला पत्र टाकावे, सोबत छायाचित्र आणि वहीतल्या नोंदीची नक्कल जोडावी. छायाचित्रे दोन घ्यावीत: एक हाडाच्या वरच्या अंगाचे आणि, तुकडा मुळातच सुटा पडलेला असेल तर, एक उलट्या बाजूचे. त्या उलट्या बाजूवर तो कंबरेच्या हाडाचा व्रण आहे की नाही, हे पत्र उघडणारा माणूस सर्वांत आधी पाहील.